उद्या नेहमीचा दिवस आहे का?

कागद सुटला तेव्हा ती चौथ्या मजल्यावर होती आणि तो तळमजल्यावर.

साधा कागद नव्हे. एकाला एक जोडलेली पानं, दोन्ही कडांना भोकं, आणि खोक्यात घडीवर घडी घालून बसलेली. खोकं तिच्या हातात होतं आणि खोक्याचं बूड पावसाळी हवेनं मऊ पडलं होतं. ते फाटलं. पहिली घडी कठड्यावरून घसरली, तिच्यामागे दुसरी, आणि मग बाकीच्या सगळ्या आपापल्या मनानं. जिन्याच्या मधल्या पोकळीतून एक पांढरी धार सरळ खाली गेली.

दारावरचा वॉचमन त्या दिवशी म्हणाला की वरून कुणीतरी दूध ओततंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा धबधबा झाला होता, आणि आठवडा सरेपर्यंत त्यात एक मांजर वाहून गेलं होतं. मांजराचं मी मनावर घेत नाही. धार मात्र खरी.

ती कठड्यावरून वाकली. खाली ओला रेनकोट घातलेला एक अनोळखी माणूस कागदाचं टोक हातात धरून वर बघत होता.

"हे तुमचं का?"

"आमच्या म्हातारीचं," ती वरून म्हणाली.

"मग तिला म्हणावं, धावू नकोस. मी घेऊन येतो."

तो खालून एकेक पान घडी घालत वर यायला लागला. तो घडी घालतोय म्हटल्यावर हिला नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून हीपण आपल्या टोकाकडून घडी घालत खाली उतरायला लागली. मधल्या वळणावर दोघं समोरासमोर आले. त्याच्या हातात एक गठ्ठा, तिच्या हातात एक गठ्ठा, आणि मध्ये दोन्हीला जोडणारं एकच पान.

"फाडू?" त्यानं विचारलं.

"नको. म्हातारीला सलग लागतं."

"मग आता... बरोबरच चढावं लागेल."

"लिफ्ट बंद आहे."

"मी तक्रार केली का?"

तर ते चढले. कुणी एक पायरी पुढे गेलं की मधलं पान ताणलं जायचं, मागे राहिलं की लोंबायचं. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोघांचे पाय जुळले होते. चौथ्या मजल्यावर मशीनरूमच्या दारापाशी तिनं गठ्ठा खाली ठेवला आणि मग कुठे तिच्या लक्षात आलं.

"तुम्हीच का ते? म्हातारीला हलवायला आलेले?"

"मीच," तो म्हणाला. त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि पुसायला कोरडं असं त्याच्याजवळ काही नव्हतं. तिनं ओढणीचं टोक पुढे केलं, मग मागे घेतलं, आणि टेबलावरचं मशीन पुसायचं फडकं दिलं.

आता म्हातारी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही उगाच कुणाच्या तरी सासूला शोधत बसाल.

ही बसची कचेरी. शहरभर ज्या बसगाड्या फिरतात त्यांचा कारभार इथून चालायचा, आणि म्हातारी म्हणजे एक प्रोग्राम. चौथ्या मजल्यावर कपाटाएवढं मोठं जुनं मेनफ्रेम मशीन होतं, त्यात ती राहायची. रोज दुपारी ती उद्याच्या ड्यूट्या छापायची. कुठला ड्रायव्हर, कुठली बस, कुठला रस्ता, किती वाजता. छापण्याआधी पडद्यावर एकच प्रश्न विचारायची: उद्या नेहमीचा दिवस आहे का? 'हो' म्हटलं की सगळ्या गाड्यांच्या ड्यूट्या. 'नाही' म्हटलं की सुट्टीच्या दिवसाच्या, म्हणजे मूठभर गाड्या आणि बाकी सगळे ड्रायव्हर घरी.

आणि विचारलं की थांबायची. उत्तर येईपर्यंत. ज्यानं तिला लिहिलं तो गृहस्थ केव्हाच निवृत्त होऊन गुलाबांना खत घालत बसला होता, पण त्यानं त्या थांबण्याला शेवट म्हणून ठेवलाच नव्हता. एकदा मोठा संप झाला, कचेरीला कुलूप लागलं, आणि सगळं मिटल्यावर दार उघडलं तर पडद्यावर तोच प्रश्न. त्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि जाळ्यात अडकलेली माशी बरोबर 'हो' वर होती, असं सांगतात.

तिला उत्तर देणारी ऑपरेटर म्हणजे आपली ही मुलगी. म्हातारीला वेळच्या वेळी टेप चढव, कागद लाव, तिच्या खोलीत थंड हवा आहे ना बघ. म्हणून कचेरीत तिला म्हणायचे सूनबाई. लग्न झालेलं नव्हतं, पण सासू होती.

मशीनरूम इतकी थंड असायची की दारामागे खुंटीवर एक मरून स्वेटर कायमचा टांगलेला असे, बाहेरून येणाऱ्यांसाठी. पूर्वी एक ऑडिटर स्वेटर न घालता आत गेला तर त्याची शिंक बाहेर येईपर्यंत गोठली होती, हे तिच्या मामानं सांगितलेलं. मामा याच कचेरीचा बस ड्रायव्हर. ड्रायव्हरला वेळेवर पोचायची सवय असते. खरं बोलायची असतेच असं नाही.

नव्या माणसानं तो स्वेटर पहिल्याच दिवशी अंगात घातला. बाह्या आखूड, गळा ढगळ. तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा.

"नवीनच का लिहीत नाही सगळं?" तिनं त्याला विचारलं. पारखून बघायला.

"दोनदा लिहून झालंय म्हणे. दोन्ही चालले नाहीत, मोठ्या साहेबांच्या कपाटात पडून आहेत."

"माहितीये. कुलूप मीच लावलंय."

तो हसला. "म्हातारीला काही झालेलं नाही. दमलंय ते मशीन. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. म्हणून म्हातारीला जशी आहे तशी उचलायची आणि नव्या घरात ठेवायची. नवीन मशीन, नवीन ऑपरेटिंग सिस्टीम. फक्त तिला ते कळू द्यायचं नाही."

"म्हणजे काय?"

"ती टेप मागणार. तिकडे टेप नाहीच. मग एक फाइल टेपचं सोंग घेऊन उभी राहील. ती जुन्या पद्धतीनं हाक मारणार, तर जुन्याच पद्धतीनं ओ देणारं कुणीतरी मी मध्ये बसवणार. तिला वाटलं पाहिजे, तीच खाट, तीच उशी, खिडकीपण डाव्या हाताला."

"म्हणजे फसवायचं म्हातारीला."

"सांभाळायचं."

"फरक काय?"

त्यानं थोडा विचार केला. "फसवणारा नंतर विचारपूस करायला येत नाही."

"तुम्ही येता?"

"मी... काम झालं की पुढच्या शहरात जातो. तिथे दुसरी म्हातारी असते."

"म्हणजे येत नाही."

पाहुण्यानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

कामाची पद्धत अशी होती: जुनं मशीन आणि नवीन मशीन शेजारी-शेजारी चालवायचं. दोन्हीकडे तीच माहिती, दोन्हीकडे तोच प्रश्न, दोन्हीकडचे छापील कागद ओळीला ओळ लावून ताडून बघायचे. फरक निघेनासा झाला की जुनं मशीन बंद. खरं तर ताडून बघायलाही एक छोटा प्रोग्राम होता पाहुण्याकडे, क्षणात करणारा. पण पहिल्या दिवशी ती म्हणाली की माझा विश्वास माझ्या डोळ्यांवर आहे, आणि पाहुणा म्हणाला की माझाही. कुणाच्या डोळ्यांवर ते त्यानं सांगितलं नाही.

मग रोज दुपारी दोन खुर्च्या जवळ ओढल्या जायच्या. ती जुना कागद वाचायची, तो नवा.

"बिल्ला टी बारा. गाडी एक्केचाळीस. नदीकडचा रस्ता."

"टी बारा, एक्केचाळीस, नदीकडचा. पुढे."

"एवढी घाई कसली आहे?"

"घाई नाही. तुम्ही 'नदीकडचा' म्हणता ना, ते ऐकायचं होतं. पुढच्या ओळीतही आहे."

तिनं पुढची ओळ मनातल्या मनात वाचली. बाहेर पाऊस लागला होता. थंड खोलीच्या काचेला बाहेरून वाफ धरली होती आणि त्यावर कुणाचं बोट पोचत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात फरक भरपूर निघाले. सर्वांत मोठा निघाला तो मामामुळे. जुन्या ड्रायव्हरांच्या बिल्ल्याचा नंबर अक्षरानं सुरू व्हायचा, नव्यांचा आकड्यानं. जुनं मशीन यादी लावताना अक्षरं आधी घ्यायचं, मग आकडे. नवीन मशीन नेमकं उलटं. आकडे आधी. म्हातारी आपली यादीत वरून ड्यूट्या वाटत जायची, त्यामुळे नव्या कागदावर कालची पोरं सकाळच्या उन्हात बागेकडच्या फेऱ्या मारत होती आणि मामाच्या वाट्याला पहाटेची कारखान्याची गाडी आली होती.

तिनं गंमत म्हणून तो कागद घरी दाखवला. मामा दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर हजर. वाटेत तीनदा बसला, असं तो म्हणाला. वॉचमन म्हणतो, एकदाही नाही.

"तो पाहुणा कोण?"

"मी," पाहुणा उठून उभा राहिला. "बसा ना मामा."

"मामा कुणाचा? अजून तुझा नाहीये." मामानं खुर्ची घेतली. "ही काल लागलेली पोरं माझ्या आधी कशी?"

"ती चूक आहे. नवीन मशीनला सांगावं लागेल की इथे म्हाताऱ्यांचा मान आधी."

"म्हातारा कोण?"

"अक्षरं, मामा. अक्षरांचा मान."

मामानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्वेटर तुला होत नाही," म्हणाला आणि निघाला. घरी जाऊन बहिणीला, म्हणजे हिच्या आईला, त्यानं सांगितलं की मुलगा बरा आहे, पण त्याला कुणीतरी मापाचं विणून दिलं पाहिजे.

त्या दिवशी कागद आवरताना ती म्हणाली, "मामा पहिल्या भेटीत तुम्हाला अरे-तुरे करून गेला. आई न भेटताच 'तो काय खातो' म्हणून विचारते. मी एकटीच कशाला अहो-जाहो करत बसलेय..."

"मग नका करू."

"बघते."

"बघा."

"तू आधी," ती म्हणाली.

तो फार काळजीपूर्वक, जणू पहिल्यांदाच एखादी कळ दाबून बघतोय असा, म्हणाला, "तू... पुढची ओळ वाच."

वादही व्हायचे. थांबण्यावरून झाला तो असा.

"नवी सिस्टीम उत्तराची अशी वाट बघत बसत नाही," तो सांगत होता. "मी मर्यादा घातलीये. थोडा वेळ थांबेल. उत्तर आलं नाही तर 'नाही' धरून पुढे जाईल."

"उद्धट आहे."

"व्यवहारी आहे. एखादं काम असंच अडून राहिलं तर त्याच्यामागची सगळी अडतात."

"आमची म्हातारी अडून नाही राहत. थांबते. आणि 'नाही' च का? 'हो' का धरत नाही?"

"काही कळत नसेल तेव्हा 'नाही' धरणं सुरक्षित असतं."

"कुणासाठी सुरक्षित?"

"सगळ्यांसाठी," तो म्हणाला, पण तितक्या ठामपणे नाही. तिनं मान उडवली आणि दोन्ही पडद्यांवर लागोपाठ 'हो' टाइप केलं. ती नेहमीच तिथे असायची, नेहमीच लगेच उत्तर द्यायची, त्यामुळे मर्यादा आहे की नाही हे कुणाला कधी जाणवायचं कारणच नव्हतं.

फरक कमी होत गेले. आधी पानभर, मग चार ओळी, मग एखादं चुकार अक्षर. दोघांनाही दिसत होतं की फरक संपले की काय संपणार. तिनं एकदा एका स्वल्पविरामावरून अख्खी दुपार काढली. त्यानं काढू दिली.

आणि मग एक दिवस फरक निघालाच नाही.

दोघं खालून कागदाचं नवं खोकं घेऊन जिना चढत होते. एक बाजू त्याची, एक तिची. त्याच मधल्या वळणावर तो थांबला म्हणून तीपण थांबली.

"पुढचं काम बंदराच्या शहरात आहे," तो म्हणाला. "तिथलीपण एक म्हातारी आहे. जहाजांची. तिला कुणी सून नाहीये म्हणे."

"बिचारी."

"मी म्हणतोय... तू येशील? माझ्याबरोबर. म्हणजे, आधी लग्न करून. म्हणजे, तुझ्या आईला, मामाला विचारून... पण आधी तुला."

जिन्याच्या खिडकीतून भुरभुर आत येत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. खोक्याचं वजन दोघांच्या हातात होतं, त्यामुळे कुणाला हात हलवायची सोय नव्हती. वरून मशीनची टुणटुण ऐकू आली.

"म्हातारी विचारतेय," ती म्हणाली. "चल."

एवढंच. वर जाऊन तिनं दोन्ही पडद्यांवर उत्तर दिलं आणि त्याचं द्यायचं ठेवलं.

टाळलं नाही हो. ठेवलं. तिच्या लेखी प्रश्न विचारला गेला होता, म्हणजे तो आता तिथे होता, पडद्यावर असतो तसा. आपण नीट विचार करायचा, आईचं बघायचं, बंदराच्या हवेत आईचे गुडघे कसे राहतील ते बघायचं, आणि मग उत्तर द्यायचं. मध्ये तो प्रश्न कुठे जाणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला विचारलं की जुन्या टेपा कुठे ठेवायच्या. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तिथे."

तुम्ही. तिला वाटलं, साहेब जवळपास असतील.

घरी आई शेंगा सोलत बसली होती. "मामा म्हणतो, विचारलं त्यानं."

"मामाला कुणी सांगितलं?"

"तूच. काल झोपेत, असं म्हणतो."

"विचारलंय. विचार चाललाय माझा."

"बंदराला मी येईन. समुद्र बघायचाच आहे मला. गुडघ्यांचं मला नको सांगूस, ते इथे तरी कुठे धड आहेत." आईनं एक शेंग सोलून दाणे तिच्या हातावर ठेवले. "पण त्याला सांगितलंस का, की विचार चाललाय?"

"त्यात सांगायचं काय? विचारलंय म्हणजे विचारलंय. प्रश्न आहे की तिथेच."

"प्रश्न राहील गं," आई म्हणाली. "तो राहतोय का ते बघ."

रविवारी म्हातारीचा मुक्काम हलला. दुपारी जुनं मशीन बंद केलं. खोलीतली घरघर थांबली आणि इतकी शांतता झाली की मोठे साहेब दारातून डोकावून म्हणाले, "कुणी गेलं का?" आता सोमवारच्या ड्यूट्या एकट्या नव्या मशीनवर निघणार होत्या. ती पडद्यासमोर बसली. पाहुणा सह्यांसाठी साहेबांच्या खोलीत गेला.

तेवढ्यात वॉचमन चहा घेऊन आला. "पाहुणे चालले ना उद्या? सकाळच्या बसनं स्टेशन गाठतायत."

"उद्या?"

"तिकीट दाखवलं मला. म्हटलं, राहा अजून. म्हणाले, थांबण्यासारखं काही उरलं नाही."

त्याच क्षणी पडद्यावर प्रश्न उमटला. उद्या नेहमीचा दिवस आहे का?

तिनं प्रश्नाकडे बघितलं. 'हो' म्हणायला एक बोट पुरलं असतं. पण तिचं मन जिन्यावर गेलं होतं. हे थांबेल, तिच्या मनात आलं. म्हातारी थांबतेच. आणि ती उठली.

ती मधल्या वळणावर जाऊन उभी राहिली. तो खाली उतरणार तो इथूनच. रोज इथूनच उतरतो. ती उभी राहिली, कठड्याला टेकली, पायरीवर बसली, परत उठली. म्हणायचं काय तेही ठरवलं, आणि मग ते बदललं. तो आला नाही.

लिफ्ट त्या दिवशी दुरुस्त झाली होती. वर्षानुवर्षं बंद असलेली लिफ्ट नेमकी त्या रविवारी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं पुढे मला स्वतः सांगितलं की त्याला स्वप्नात दृष्टांत झाला होता, पण तो माणूस पैज लावून थापा मारायचा.

ती परत वर आली तेव्हा प्रश्न पडद्यावर नव्हता आणि प्रिंटर चालू होता. पाहुणाच येऊन उत्तर देऊन गेला असणार, तिला वाटलं. माझं तोंडही न बघता. ती रोज पहिलं पान तपासायची. त्या दिवशी तिनं गठ्ठा उचलला आणि न बघताच डेपोच्या माणसाच्या हातात दिला.

सोमवारी सकाळी ती उठली तर मामा पेपर वाचत चहा पीत होता. आरामात, पाय लांब करून.

"मामा, ड्यूटी?"

"सुट्टी."

"कसली?"

"मला काय विचारतेस? तुझ्या म्हातारीनं दिलीये. मी काय तिच्याशी वाद घालू?"

कालचा न दिलेला 'हो' तिला आठवला. मग छत्री घेतली आणि चपला नीट न घालताच बाहेर पडली.

त्या दिवशी सगळं शहर पायी चाललं. शाळेची मुलं, बँकवाले, एक वाजंत्री पथक ढोलासकट. लोकांना आपल्याच रस्त्यावरची दुकानं पहिल्यांदा दिसली. एका दाताच्या डॉक्टरला चालताना इतकी भूक लागली की त्यानं भर रस्त्यात पेशंटसमोर पेढे खाल्ले. दोन लग्नंही जुळली म्हणतात. त्यातलं एक मी सांगतेय तेच असल्यामुळे दुसऱ्याची खात्री मी देत नाही.

कचेरीच्या अलीकडच्या स्टॉपवर एकच माणूस उभा होता. शेजारी बॅग, अंगात आखूड बाह्यांचा मरून स्वेटर.

"तो कचेरीचा आहे," ती धापा टाकत म्हणाली.

त्यानं स्वतःकडे बघितलं. "राहूनच गेला. पोस्टानं पाठवतो. बस येईलच एवढ्यात."

"येणार नाही."

"येईल. सोमवार आहे."

"येणार नाही. तूच थांबवलीयेस. मामा घरी चहा पितोय."

पाहुण्याला कळायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला. "तू काल उत्तर दिलं नाहीस?"

"कुणाला?"

"म्हातारीला."

"नाही. तुझी वाट बघत जिन्यात उभी होते. म्हटलं, ती थांबेल."

"मी लिफ्टनं गेलो... आणि नवीन सिस्टीम थांबत नाही. तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. माझं चुकलं ते. उठायला नको होतं मी, आणि पहिलं पान बघायला हवं होतं." तिनं छत्री मिटली, पाऊस नव्हताच, तिनं आपली उघडली होती. "आणि तू? तू किती थांबलास?"

"मी?"

"तू."

"संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तू टेपांचं विचारलंस. मला वाटलं, झालं. उत्तर नाही म्हणजे... नाही."

"मी त्या दिवसापासून तुझ्याच प्रश्नाला धरून बसलेय. आईशी बोलले. तिच्या गुडघ्यांशी बोलले. मामाला तर झोपेत सांगितलं म्हणे."

"मला नाही सांगितलंस."

"तुला काय सांगायचं? विचारणारा तूच."

समोरून वाजंत्री पथक घामाघूम होऊन चाललं होतं. ढोलवाल्यानं विचारलं, "बस कधी येईल हो?" दोघांनी एकदमच म्हटलं, "दुपारपर्यंत."

तिनं बॅगेचा एक बंद धरला, त्यानं दुसरा. कचेरीपर्यंत त्यांचे पाय जुळलेलेच होते.

ड्यूट्या परत छापल्या. डेपोला फोन गेले. मामाला पेपर खाली ठेवून यावं लागलं, आणि आयुष्यातला एकमेव आरामाचा सोमवार भाचीनं हिरावला हे तो अजून सांगतो. दुपारी गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं.

"चूक कुणाची?"

"माझी," तो म्हणाला.

"माझी," ती म्हणाली.

"मला वर एकच नाव कळवायचंय."

"मग त्यांचं कळवा," ती म्हणाली. "ते जाणारच आहेत."

"मी जात नाहीये," पाहुणा म्हणाला.

"जाणार आहेत. बंदराला. थोड्या दिवसांनी. एकटे नाही."

साहेबांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पेनाचं टोपण लावलं. "तुमचं आधी ठरवून या," ते म्हणाले. "आणि ती मर्यादा काढा."

पाहुण्यानं मर्यादा काढली. तिच्या देखत, एकेक ओळ वाचून दाखवत. छापायची वेळ झाली आणि नव्या मशीनच्या पडद्यावर प्रश्न उमटला. उद्या नेहमीचा दिवस आहे का?

तिनं हात मांडीवर ठेवले.

"दे ना उत्तर," तो म्हणाला.

"थांब. बघू दे, थांबते का."

दोघं बघत बसले. चहा आला, चहावर साय धरली. पूर्वीची मर्यादा सरली असावी, कारण पाहुण्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि मग घड्याळ उलटं करून ठेवलं. प्रश्न तसाच होता.

"थांबतेय," तो हळूच म्हणाला.

"हं."

"आणि माझं... परत विचारू का?"

"परत कशाला? तुझा आहे की तिथेच."

"मग?"

तिनं दोन बोटांनी टाइप केलं. हो. प्रिंटर खडखडायला लागला.

"हे कुणाला?" पाहुण्यानं विचारलं.

"एकदाच टाइप केलंय," ती म्हणाली. "दोघांत वाटून घ्या."

मग ती दोघं बंदराच्या शहरात गेली, आईला आणि तिच्या गुडघ्यांना घेऊन. तिथल्या जहाजांच्या म्हातारीनं पहिल्याच दिवशी सुनेला ओळखलं म्हणतात. मामानं त्याला मापाचा स्वेटर विणवून दिला, पण तो मरूनच घालतो. त्यामुळे इकडे दारामागची खुंटी रिकामी आहे. आणि गेल्या आठवड्यात म्हणे कचेरीत पुन्हा एक ऑडिटर आला होता.

त्याच्या शिंकेचं काय झालं ते मामाला विचारा.